गढी : वऱ्हाडातल्या देशमुखांचा मातीचा कोट

वऱ्हाडातल्या जुन्या गावाची जमीन दोन रंगांची असते. शिवारात काळी, वस्तीखाली पांढरी. माणसांनी शेकडो वर्षे एकाच जागी घरे बांधली, ती पडली की त्याच मातीवर पुन्हा बांधली. चुलीची राख, शेण, कुटार, पडक्या भिंतींची माती असे थरावर थर साचत गेले आणि गावठाण शिवारापेक्षा उंच झाले. मोर्शी-वरूडपासून थेट मेहकर-सिंदखेडपर्यंत, या पांढरीच्या सगळ्यात उंच भागावर अनेक गावांत एक पडका कोट भेटतो. कुठे त्याचे चारही बुरूज शाबूत असतात, कुठे एकच उरलेला असतो, तर कुठे नुसता ढिगारा आणि त्यावर माजलेल्या बाभळी. हीच गावाची गढी.

डोंगरी किल्ल्यांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. गढीच्या वाट्याला तेवढे प्रेम आलेले नाही आणि ही उणीव मला मोठी वाटते. गाविलगड आणि नरनाळा कोणाच्या हातात आहेत यावर वऱ्हाडचा सुभा कोणाचा हे ठरत असे. पण गावच्या कुणब्याने सारा कोणाच्या ओसरीवर नेऊन भरायचा, भांडण कोणापुढे न्यायचे आणि लुटारू आले तर बायकापोरांना घेऊन कुठे पळायचे, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर गढी हेच होते. राजे बदलले, गढी तिथेच राहिली.

मोर्शीच्या बाजूला या तिसऱ्या प्रश्नाला विशेष धार होती. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. सालबर्डीजवळ डोंगर ओलांडला की पलीकडे बैतूल-मुलताईचा मुलूख आणि त्याच्याही पुढे नर्मदेचे खोरे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून 1817-18 च्या युद्धापर्यंत पेंढाऱ्यांच्या टोळ्या याच खोऱ्यातून घाट उतरून वऱ्हाडात येत. घोड्यावर येणारी टोळी मुक्काम करत नसे, वेढा घालत नसे. धान्य, दागिने, गुरे मिळतील तेवढी घ्यायची आणि दुसऱ्या गावावर जायचे. अशा वेळी गाविलगड कितीही बळकट असला तरी बैलजोडी आणि धान्याची पोती घेऊन कोणी तो चढून जाऊ शकत नाही. जाम आणि वर्धा या नद्यांच्या संगमावर, जुन्या मोर्शी तालुक्यात, आमनेरचा छोटा किल्ला आहे. पण तोही नदीकाठच्या एका जागेपुरता. गावाला हवा होता हाकेच्या अंतरावरचा कोट. एक दिवस, फार तर दोन दिवस टिकाव धरता आला की काम झाले.

त्यामुळे गढीची सगळी रचना त्या एक-दोन दिवसांचा विचार करून केलेली दिसते. पायथ्याला दगडाचे काही थर, कारण पावसाचे पाणी भिंतीला खालूनच खाते. त्यावर माती. माती मात्र शिवारातली चालत नाही. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिची भिंत एका हंगामात फाटेल. पांढरी माती अशी फुगत-आकसत नाही. ती कुटार घालून भिजवायची, पायांनी तुडवून मळायची आणि रद्द्यावर रद्दा, म्हणजे थरावर थर, चढवत न्यायचे. खालचा रद्दा वाळल्याशिवाय वरचा घालता येत नाही, म्हणून मोठी भिंत उठायला बराच काळ लागे. भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती, कोपऱ्यांवर गोल बुरूज. बुरजांत आणि भिंतीच्या वरच्या भागात बंदुकीसाठी तिरप्या जंग्या. मातीच्या भिंतीचा आणखी एक गुण वेढा घालणाऱ्यांना चांगला माहीत होता. हलक्या तोफेचा गोळा दगडी भिंतीला तडा देतो, पण जाड मातीच्या भिंतीत तो रुतून बसतो.

दरवाजा सागवानी, त्यावर लोखंडी खिळे, एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत शिरले की देवडी आणि तिथून वाट बहुधा काटकोनात वळते, म्हणजे दार फोडून आलेल्याला थेट चौक दिसू नये. मग ढेलज, बैठक, चौक, माजघर, मागे गुरांचा कोठा. जमिनीत धान्याची पेवे, भिंतीच्या पोटात बळदे. आणि आड. आड नसलेली गढी संकटात दोन दिवसही काढू शकत नाही, त्यामुळे कितीही खोल खणावे लागले तरी गढीला स्वतःचे पाणी असेच. वर लाकडी वाशांवर पांढऱ्या मातीचे धाबे. दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती चढवावी लागे. हे काम चुकले तर पहिल्या मोठ्या पावसात छत गळते, दुसऱ्या वर्षी वासे कुजतात आणि पाच-सात वर्षांत भिंती उघड्या पडतात. म्हणजे गढी उभी राहण्यासाठी दरवर्षी मजूर बोलावू शकणारा धनी लागे. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा इतिहास सोपा होतो.

हा धनी कोण? अबुल फजलाच्या ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे. उत्तरेत ज्याला चौधरी म्हणतात त्याला इकडे देशमुख म्हणतात, कानुनगोला देशपांडे, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी, अशी नोंद त्याने केली आहे. अकबराच्या अखेरच्या वर्षांत वऱ्हाड मोगलांकडे आले तेव्हा ही सगळी मंडळी आधीपासून आपापल्या जागी बसलेली होती. त्यांना नेमणारे बहमनी गेले, इमादशाही गेली, निजामशाही आली. वतन मात्र बापाकडून मुलाकडे जात राहिले. देशमुखाकडे एका परगण्याचा वसूल आणि बंदोबस्त; त्यासाठी त्याने शिबंदी ठेवायची आणि मोबदल्यात वसुलातला ठरलेला हक्क घ्यायचा. पदरी शस्त्रधारी माणसे, कोठारात धान्य आणि हातात परगण्याचे हिशेब असणाऱ्याचे घर साधे राहत नाही. त्याला बुरूज येतात.

हे केवळ वऱ्हाडात घडले असे नाही. जपानमधल्या सामुराई घराण्यांची निवासस्थाने पाहिली की हीच घडण दुसऱ्या हवामानात दिसते. अझुचीसारखे उंच दगडी जोत्यावरचे भव्य किल्ले तिथे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. त्याआधी कित्येक शतके स्थानिक सामुराई मातीच्या बांधाने आणि खंदकाने वेढलेल्या वाड्यातच राहत. आशिकागा घराण्याचा असा चौकोनी वाडा आज बान्नाजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. भोवतीचा खंदक आणि मातीचा बांध अजून शाबूत आहेत. काई प्रांतातल्या ताकेदा नोबुतोराने 1519 मध्ये त्सुत्सुजिगासाकी इथे वाडा बांधला आणि पुढच्याच वर्षी मागच्या डोंगरावर योगाइयामा हा आसऱ्याचा किल्ला. राहायचे खाली, जीव वाचवायचा वर. वऱ्हाडच्या सपाटीवरच्या देशमुखाला डोंगर मिळत नसे, म्हणून त्याने घर आणि आसरा एकाच भिंतीत बसवले. मोठा फरक मला इथे दिसतो : ताकेदांचा डोंगरी किल्ला घराण्यासाठी होता, वऱ्हाडी गढीत मात्र वेळप्रसंगी सगळा गाव मावावा लागे.

अशा कोटांची कोणत्याही खंबीर राजसत्तेला धास्ती वाटते. गावाला वाचवणारी भिंत सरकारी वसूलदारालाही अडवू शकते. जपानमध्ये 1615 साली तोकुगावा राजवटीने हुकूम काढला की प्रत्येक सरदाराने आपल्या मुलखात एकच किल्ला ठेवावा, बाकीचे पाडावेत. हेच पाऊल शिवाजी महाराजांनी आपल्या स्वराज्यात त्याच शतकात टाकले. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सांगते की देशमुख-पाटलांसारखे मिरासदार वाडे, कोट, हुडे बांधून आणि प्यादे-बंदुका बाळगून बळावले होते. महाराजांनी त्यांचे कोट-हुडे पाडले, नामांकित कोट होता तिथे आपले ठाणे बसवले, मिरासदारांचे हक्क नेमून दिले आणि त्यांनी बुरुजाचा वाडा न बांधता साधे घर बांधून राहावे असे ठरवले.

हा हुकूम देणाऱ्याचे आजोळ म्हणजे अशाच मोठ्या घरांतले एक, सिंदखेडच्या जाधवरावांचा वाडा. महाराजांच्या जन्माच्या आदल्या वर्षी त्या घराचे जे झाले, त्याचा या धोरणाशी संबंध असावा असे मला मनापासून वाटते.

सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यात, वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या शिवेवर आहे. इथले जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत आणि सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती. लखुजी जाधवराव निजामशाहीचे बडे सरदार झाले ते या देशमुखीच्या पायावर. त्यांची कन्या जिजाऊ 12 जानेवारी 1598 रोजी याच वाड्यात जन्मली असे मानले जाते. पुढे लखुजी मोगलांना जाऊन मिळाले, तेव्हा त्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मिळून 24,000 ची मनसब मिळाली. एका देशमुख घराण्याचे वजन किती असू शकते हे या आकड्यावरून कळते. दोन्ही दरबारांना ते हवे होते आणि दोन्ही दरबारांना त्यांचे भयही होते. लखुजी परत निजामशाहीकडे आले. 25 जुलै 1629 रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, दरबारात बोलावून, लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. जिजाऊंनी एकाच दिवशी वडील, दोन भाऊ आणि भाचा गमावला. काही महिन्यांनी, फेब्रुवारी 1630 मध्ये, शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले.

वतनदार बलाढ्य झाला की सुलतान त्याला जवळ करतो, आणि फार बलाढ्य झाला की मारतो. या दोन टोकांमध्ये रयतेचा विचार कुठेच नसतो. ज्या आईने हे सोसले, तिच्या मुलाने वतनदारांचे बुरूज उतरवून त्यांना नेमून दिलेल्या हक्कांवर आणले, हा मला इतिहासातला निव्वळ योगायोग वाटत नाही.

वऱ्हाड मात्र स्वराज्यात नव्हते. इथे आधी मोगल सुभेदार, आणि 1724 नंतर निजाम. त्याच वर्षी सिंदखेडपासून जवळच साखरखेर्डा इथे निजामाने मोगल सुभेदार मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खन स्वतःच्या हाताखाली घेतली. मग नागपूरचे भोसले चौथ, सरदेशमुखी आणि घासदाण्याचे हक्क घेऊन आले. एका मुलखावर दोन सरकारे, दोघांचे वसूलदार. ही दोअमली 1803 पर्यंत चालली. त्या वर्षी 15 डिसेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला. दोन मालक असलेल्या मुलखात खरा मालक तिसराच होतो. निजामाला आणि भोसल्याला दोघांनाही वसूल गोळा करून देणारा देशमुख हवाच होता, त्यामुळे त्याचा कोट पाडण्याची कोणाचीच प्राज्ञा नव्हती. वऱ्हाडात गढ्या एवढ्या दाट का, याचे कारण मी या दोअमलीत शोधतो.

जाधवरावांचे घराणे या काळात निजामाच्या बाजूला होते. 1757 च्या डिसेंबरात पेशव्यांच्या फौजेने सिंदखेडला रामचंद्र जाधवाला कोंडले. फौजेचे नाव विश्वासरावांचे, तलवार दत्ताजी शिंद्यांची. निजाम अली त्याला सोडवायला धावून आला आणि स्वतःच अडचणीत सापडला. पुढच्या तहात निजामाला पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग द्यावा लागला. दुसरीकडे याच जाधव कुळातले धनाजी राजारामांच्या काळात मराठ्यांचे सेनापती झाले होते. एकाच घराण्याच्या शाखा समोरासमोरच्या छावण्यांत असणे त्या काळात नवलाचे नव्हते. वतन टिकवायचे तर दोन्हीकडे माणूस लागे.

आज सिंदखेडला गेले की हे वैभव किती दगडी होते ते कळते. लखुजींच्या वाड्याचा घडीव दगडाचा दरवाजा आणि वरचा नगारखाना रस्त्यावरूनच नजरेत भरतो. आतले मजले गेले आहेत. जोती, तळघरे आणि जिजाऊंच्या जन्माची म्हणून दाखवतात ती जागा उरली आहे. जवळ रंगमहाल. काळाकोट नावाचा, काळ्या पाषाणाच्या अवाढव्य भिंतींचा अर्धवट राहिलेला कोट. मोती तलावाच्या बांधाला कमानींची मजलेदार वास्तू, चांदणी तलावाच्या पाण्यात मधोमध उभी इमारत, आणि मूर्तींनी मढवलेली पुतळा बारव. मला या सगळ्यांत तलाव आणि बारवा अधिक महत्त्वाच्या वाटतात. भिंतींनी घराणे राखले, पाण्याने गाव राखला. खेड्यातल्या गढीचा आड इथे तलावाएवढा झाला, इतकेच.

या घराण्याच्या सत्तेचा शेवटही शस्त्रानेच झाला. देऊळगावराजाच्या बाजीराव जाधवांच्या पदरच्या अरबांनी 1851 मध्ये निजामाच्या कंटिंजंट फौजेशी लढाई केली. जहागीर जप्त झाली आणि बाजीराव 1856 मध्ये कैदेत वारले. खेड्यापाड्यातल्या गढ्यांचा शेवट मात्र असा गाजावाजा न होता आला. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1860 च्या दशकात जमिनीची मोजणी सुरू झाली, प्रत्येक शेताला आकार बसला आणि शेतकरी थेट सरकारात भरणा करू लागला. देशमुख-देशपांड्यांना हक्काबद्दल रोख रक्कम मिळत राहिली, पण वसुलीत त्यांची गरज उरली नाही. पेंढारी तर कधीच संपले होते. बुरुजाची दोन्ही कामे गेली. तरी जमीन हातात होती तोवर धाब्यावर माती चढत राहिली. वाटण्या झाल्या, मग 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, मुले अमरावती-नागपूरला गेली, आणि मृगाच्या आधी मजूर बोलावणारा कोणी राहिला नाही.

पडल्यानंतर गढी गावात वाटली जाते. सागाचे खांब नव्या घरात जातात, पायाचे दगड ओट्यांना लागतात. माती धाब्यांवर चढते आणि शेतातही पडते, कारण शतकांच्या राखेने आणि शेणाने ती खताइतकी सकस झालेली असते. ज्यांच्या आज्यापणज्यांनी वेठीने ती माती तुडवली, त्यांनी ती परत नेली यात मला अन्याय दिसत नाही. नुकसान वेगळेच आहे. गढीखालची पांढरी गढीपेक्षा कितीतरी जुनी असू शकते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बुरुजाच्या मातीबरोबर ते थरही जातात, त्यांतली खापरे, मणी, नाणी, हाडे यांसकट.

थर जागेवर राहिले तर काय मिळते, याचे उदाहरण पुन्हा जपानमध्ये आहे. आसाकुरा घराण्याने इचिजोदानीच्या दरीत पाच पिढ्या राज्य केले. 1573 मध्ये ओदा नोबुनागाच्या फौजेने त्यांचे नगर जाळले. राखेवर भातशेती झाली आणि त्या शेतीनेच नगर झाकून ठेवले. 1967 पासून तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू झाले आणि सरदाराच्या वाड्याबरोबर सामुराईंची घरे, कारागिरांची दुकाने, रस्ते, विहिरी, बागा असे अख्खे नगर हाती आले. ताकेदांच्या वाड्याचे नशीब वेगळे : ताकेदांनी तो 1581 मध्ये सोडला, पण लोकांच्या मनात नोबुतोराचा मुलगा ताकेदा शिंगेन जिवंत राहिला, आणि 1919 मध्ये त्या जागेवर त्याचे देवस्थान उभे राहिले. देवस्थानामुळे खंदक आणि बांध वाचले. सिंदखेडचा वाडाही असाच वाचला आहे. तो लखुजींचा म्हणून राहिला असता तर त्याचेही दगड घरोघर गेले असते. जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून लोक दर 12 जानेवारीला तिथे लोटतात, आणि त्या गर्दीमुळे सरकारलाही तिकडे पाहावे लागते.

2024 च्या जूनमध्ये सिंदखेडला लखुजीराजांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संवर्धनाचे काम चालू होते. जमिनीखाली दगड लागले म्हणून खणत गेल्यावर मंदिराचा सभामंडप उघडा झाला आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. क्लोराइट शिस्ट दगडाची, 1.70 मीटर लांब, एक मीटर उंच; पायाशी लक्ष्मी आणि पाठशिळेवर समुद्रमंथन. जाधवरावांच्या आधीचे सिंदखेड असे समाधीच्या अंगणातच पुरलेले होते.

मोर्शी-वरूडकडच्या गढ्यांना जिजाऊ लाभल्या नाहीत आणि त्यांच्यासाठी पुरातत्त्व खात्याचे पथक लगेच येईल असेही नाही. बहुतेक जागा खासगी आहेत, एका गढीला वीस-पंचवीस वारस असतात. 1960 च्या राज्य कायद्याने स्मारक संरक्षित करता येते, पण त्याला वर्षे लागतात. त्याआधी करता येण्यासारखी कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत : टेप लावून भिंतींची लांबी-जाडी मोजणे, बुरुजांचे चारही बाजूंनी फोटो काढणे, आड आणि पेवांच्या जागा नकाशावर मांडणे, म्हाताऱ्या माणसांकडून कोणत्या खोलीत काय होते ते लिहून घेणे. आणि माती न्यायचीच असेल तर बुरुजाची न्यावी, जोत्याच्या खाली कुदळ घालू नये.